काखेतलं दुखणं अंगावर काढू नकोस

पोरी, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचे टाके सुकले, ड्रेन निघाला, भेटायला येणाऱ्यांची वर्दळही ओसरली. आणि आता कुठे तू हळूच सांगतेस, काख अजून जळते, हात पूर्वीसारखा वर जात नाही. तुझ्या सोशिकपणाचं घरभर कौतुक चालतं. मला मात्र त्याचीच काळजी वाटते.

१. ऑपरेशनला ३ महिने उलटूनही दुखत असेल, तर डॉक्टरांपुढे विषय तूच काढ — ते ‘कशी आहेस’ विचारतात, तू ‘बरी आहे’ म्हणतेस, आणि फाईल मिटते. सोसणारीला शाबासकी मिळते, औषध मिळत नाही.

२. नुसतं ‘दुखतं’ म्हणू नकोस, कुठे आणि कसं ते सांग — दंडाच्या आतल्या बाजूला जळजळ, मुंग्या, बधिरपणा, पदर घासला तरी झोंबणं, हे बहुतेक नसेचं दुखणं असतं. काखेतल्या गाठी काढताना तिथून जाणारी नस दुखावते, कधी कापली जाते. त्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, नसांची औषधं वेगळी असतात. त्यातली काही फिट्स येणाऱ्यांना किंवा मन खचलेल्यांनाही देतात, तेव्हा चिठ्ठी वाचून दचकू नकोस.

३. हात वर नेताना कातडीखाली दोरी ताणल्यासारखी लागली, तर फिजिओथेरपिस्टना दाखव — ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत असे ताठ पट्टे काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत उमटतात. नीट ताण देत राहिलं की बहुतेक सुटतात.

४. भिंतीसमोर उभी राहा आणि बोटांनी भिंत चढ. ताण जाणवला की थांब, दोन श्वास घे, सावकाश उतर. कळ येईपर्यंत ओढायचं नाही, आणि आठवडाभराचा व्यायाम रविवारी एकदम उरकायचाही नाही — खांदा जखडला की वेणी, ब्लाऊजचा हूक, फळीवरचा डबा, सगळंच अडतं. हात जपावा, पण बांधून ठेवू नये.

५. रेडिएशन संपलं तरी भिंत सोडू नकोस — त्या भागाची आखडण महिन्यांनी, कधी वर्षांनीही वाढते.

६. महिन्यातून एकदा दोन्ही हात शिंप्याच्या टेपने मोज, कोपराच्या वर आणि खाली, ठरलेल्या जागी — बांगडी घट्ट झाली, हात जड वाटला किंवा मापात २ सेंटिमीटरचा फरक नव्याने पडला, तर ती सूज असू शकते. लवकर कळली तर दाबाची बाही आणि पट्ट्या यांनी आटोक्यात राहते.

७. भांडी घासताना, बागेत काम करताना हातमोजे घाल, विळीचा काप लगेच धू — बारीकशा जखमेतूनही जंतू शिरतात. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हळद लावून सकाळची वाट बघायची नाही.

८. ‘या हाताने काही उचलू नकोस’ असं कुणी सांगितलं म्हणून जन्मभर रिकामी बसू नकोस — २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, हाताला सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन उचललं. सूज बळावली नाही, ताकद मात्र वाढली. तू पाण्याच्या भरल्या बादलीने सुरुवात करू नकोस, एवढंच.

९. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू असेल आणि बोटं, गुडघेही धरत असतील, तर तेही सांग — या गोळ्यांनी सांधे दुखतात, त्यावर उपाय आहेत. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

१०. दुखण्याची तऱ्हा बदलली, रात्री झोपेतून उठवणारी हाडातली कळ आली, हात अचानक सुजला किंवा त्यातली ताकद गेली, नवी गाठ लागली, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नकोस — कारण साधंही निघेल, पण ते तपासूनच ठरवायचं असतं. एकटी जायला जीव धजत नसेल तर मला फोन कर, मी येते.