थोडं थोडं करत १३ किलो

पुण्याच्या त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत माझा फोटो लावलेला आहे. डावीकडे ११८ किलोची मी, उजवीकडे ७४ किलोची. परवानगी मीच दिली होती, आनंदानं. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याच फोटोखालच्या खुर्चीवर मी तीन तास नंबराची वाट बघत बसले, तेव्हा माझं वजन ८७ होतं. रिसेप्शनवरची बाई शेजारच्या मुलीच्या आईला फोटो दाखवत होती, "बघा, या पेशंट किती छान झाल्यात." तिनं मला ओळखलं नाही, की ओळखून गप्प राहिली, कळायला मार्ग नाही.

सांगलीहून पहाटेच्या एसटीनं निघाले होते. आत चार मिनिटं मिळाली. डॉक्टरांनी वजनाचा आकडा बघितला, फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही पोटाचं ऑपरेशन केलं. डोक्याचं नाही करता येत." बाहेर आले तर समुपदेशक मुलीनं हातात कागद ठेवला. दुसऱ्या ऑपरेशनच्या, म्हणजे जठराच्या बायपासच्या खर्चाचा अंदाज. दिवसभरात मी काय खाते, कधी खाते, हा एक प्रश्न त्या इमारतीत मला कुणी विचारला नाही. डॉक्टरांचं ते वाक्य मी परतीच्या एसटीत कराडपर्यंत मनात घोळवत होते. आजही ते आठवलं की हात थरथरतात.

स्लीव्ह, म्हणजे जठराचा भाग काढून ते अरुंद करण्याचं ऑपरेशन, करून घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. साखरेच्या गोळ्या सुटल्या, शाळेचे दोन जिने न थांबता चढते. उद्या पुन्हा ठरवायची वेळ आली तरी मी हेच करीन. तक्रार आहे ती ऑपरेशननंतर जे सांगितलं गेलं नाही त्याबद्दल.

डिस्चार्जच्या वेळी आहाराचा तक्ता मिळाला होता. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'दर दोन तासांनी थोडं थोडं खा.' त्या दिवसांत ते बरोबरच होतं. नव्या जठरात एका वेळी चार चमचेसुद्धा मावत नाहीत, मग दिवसाची प्रथिनं भरून काढायची कशी? पण हे 'थोडं थोडं' कधी थांबवायचं, तीन वेळच्या जेवणावर कधी यायचं, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. तो कागद माझ्या फ्रिजवर अडीच वर्षं चिकटवलेला होता आणि मी तो प्रामाणिकपणे पाळत होते.

घरच्यांनी त्यात भर घातली. जाऊबाई दर सणाला म्हणायच्या, "अगं, तुझं पोट एवढंसं, तुला जाऊन जाणार कितीसं? घे थोडंसं." आधी हीच माणसं माझ्या ताटावर नजर ठेवून असायची. आता अर्धी करंजी, एक चकली, चमचाभर शिरा असं आग्रहानं हातावर ठेवायची आणि मी जरा जास्त घेतलं की कौतुकानं बघायची. शाळेत ५२ मुलांचा वर्ग. रोज कुणाचा तरी वाढदिवस, रोज "बाई, चॉकलेट." मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये खारी नाहीतर भडंग. भडंग तर आमच्या गावची, तिला नाही म्हणणं म्हणजे पाहुण्यासारखं वागणं.

पहिलं वर्ष हे सगळं चालून गेलं, कारण भूकच नव्हती. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढून टाकतात. त्या वर्षात वजन आपोआप उतरतं आणि ते आपल्या निग्रहाचं फळ आहे असं वाटत राहतं. मग चौदाव्या-पंधराव्या महिन्यात दुपारी चारला पोटात पहिल्यांदा खड्डा पडला. मी घाबरले. हॉस्पिटलला फोन केला. ओळखीची आहारतज्ज्ञ सोडून गेली होती. नव्या बाईंनी व्हॉट्सॲपवर तोच तक्ता पुन्हा पाठवला. दर दोन तासांनी थोडं थोडं.

खरी गोष्ट कळली ती मिरजेत. सहकारी शिक्षिकेनं एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीचं नाव सुचवलं. तिनं माझं वजनसुद्धा केलं नाही. एक वही दिली आणि म्हणाली, "बाई, सात दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहा. फोडणी चाखलेली, मुलाच्या ताटातलं उरलेलं, सगळं. वाटीनं मोजून."

बुधवारी संध्याकाळी मटकीची उसळ घेतली. अर्धी वाटी संपायच्या आत छातीत दाटलं, चमचा खाली ठेवला. तासाभरानं पेपर तपासायला बसले, शेजारी भडंग आणि चहा. लिहायचं म्हणून मोजून घेतली होती, नाहीतर लक्षातही आलं नसतं. दोन मोठ्या वाट्या संपल्या होत्या. छातीत काही दाटलं नव्हतं. तिसरी वाटी भरायला मी उठलेही होते. हातातल्या रिकाम्या वाटीकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. अर्ध्या वाटी उसळीला जागा नाही म्हणणारं पोट या दोन वाट्यांना जागा कुठून देत होतं?

उत्तर साधं होतं. भडंग, खारी, टोस्ट, चिप्स, शेव हे सगळं लाळेत विरघळतं, वर चहा पडला की त्याची पेज होते आणि ती अरुंद जठरातून सरळ खाली घसरते. पोट भरल्याची खूण मिळतच नाही. घट्ट, चावून खाण्याचं अन्न मात्र थांबतं आणि पोट भरतं. म्हणजे ऑपरेशन फक्त थांबणाऱ्या अन्नाला अडवतं. हे ऑपरेशन झालेल्या लोकांत या पदार्थांना 'स्लायडर' असं नावसुद्धा आहे, मला तेही ठाऊक नव्हतं. आठवड्याच्या वहीत माझी तिन्ही जेवणं रोज चार-पाच ओळींत मावत होती. बाकीच्या ओळींनी पानं भरली होती.

त्या रात्री मी रडले, ते भडंगासाठी नव्हे. वर्षभर मी स्वतःला हावरट समजत होते, नवऱ्यासमोर ताट घ्यायची लाज वाटायची. आणि कारण एवढंच होतं की दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

आता ज्यांचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय त्यांच्यासाठी.

वहीपासून सुरुवात करा. सात दिवस, काही न लपवता.

वर्षभरानंतर डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला स्पष्ट विचारा, 'आता किती वेळा खायचं?' मला तीन जेवणं आणि एक ठरलेलं मधलं खाणं असं बसवून दिलं. येता-जाता तोंडात टाकणं बंद. माझं मधलं खाणं दुपारी चारला, कारण माझा पाय तिथं घसरतो. मूठभर फुटाणे आणि एक उकडलेलं अंडं, किंवा पनीरचे तुकडे, किंवा वाटीभर घट्ट दही. बशीत वाढून, बसून. पिशवीतून किंवा डब्यातून कधीच नाही.

जेवताना आधी प्रथिनं. साधारण ६० ते ८० ग्रॅम दिवसाला सांगतात; तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आधी उसळ, अंडं, मासा, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. आणि चहात बुडवून काहीही खाऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

काही खावंसं वाटलं की मी स्वतःला विचारते, 'आत्ता मटकीची उसळ दिली तर खाशील?' उत्तर हो आलं तर ती भूक आहे, खायचं. उसळ नको पण भडंग हवी असेल तर ती नुसती तलफ. मग पाणी पिते, वीस मिनिटं दुसरं काम काढते. बहुतेक वेळा ती निघून जाते.

उपवासाला सांभाळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. संकष्टीची खिचडी मी सोडली. दही आणि उकडलेले थोडे दाणे घेते. देव रागावलेला नाही, सासूबाई महिनाभर रागावल्या होत्या.

रक्ततपासणी चुकवू नका. माझं बी-१२ आणि लोह दोन्ही कमी निघालं. संध्याकाळचा जो थकवा मी चहा-बिस्किटांनी घालवायला बघत होते, त्याचं मूळ तिथं होतं. गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

चाला, झोप पुरी घ्या, थोडे वजनाचे व्यायाम करा. हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

तीन किलो वाढले की त्याच आठवड्यात कुणाला तरी दाखवा. मी लाजेपायी १३ होईपर्यंत थांबले. थोडं वजन परत चढणं अनेकांच्या बाबतीत घडतं, तो गुन्हा नाही. दुसऱ्या ऑपरेशनची किंवा औषधांची कुणाला खरंच गरज असते, त्यांनी माझ्या रागापायी ते नाकारू नये. पण आधी कारण शोधायला लावा, खर्चाचा कागद नंतर.

घरच्यांना एकदाच, शांतपणे सांगा, 'थोडंसं' म्हणून काही देऊ नका. माझ्या जाऊबाईंना अजून पटलेलं नाही. मी आता फराळाचं ताट हातात घेते आणि तसंच ओट्यावर ठेवून देते.

आज माझं वजन ७९ आहे, सात महिने तिथंच आहे. बायपास केलेलं नाही. फोटो काढून टाका म्हणून हॉस्पिटलला दोनदा फोन केला, एकदा पत्र लिहिलं. गेल्या महिन्यात कोल्हापूरची एक ओळखीची बाई तिथं जाऊन आली. म्हणाली, फोटो अजून भिंतीवर आहे. तो माझ्या चौदाव्या महिन्यातला आहे. तिथं किंवा दुसरीकडं असा फोटो कुणी दाखवला तर एवढंच विचारा, हा फोटो कितव्या महिन्यातला, आणि त्यानंतर या बाईंना शेवटचा फोन तुम्ही कधी केला?