आधी मुलामा बघ

पुणे

चि. ओंकार,

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. न्यू जर्सीच्या बँकेतून पेनीच्या गुंडाळ्या आणून रात्री भिंग घेऊन बसतोस, हे वाचून बरं वाटलं. तुझी आई मात्र माझ्यावर रागावली आहे.

आता कामाचं. ज्या 1990 च्या पेनीला तू ‘डबल डाय’, म्हणजे ठशावरच प्रतिमा दुहेरी उमटलेली, म्हणतोस, ती तशी नाही. 1982 च्या मध्यापर्यंत पेनी 95 टक्के तांब्याची होती, वजन 3.11 ग्रॅम. तांबं महागलं, तेव्हापासून आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. वजन अडीच ग्रॅम. ठसा पडताना धातू ताणला जातो, जस्त सरकतं, पण मुलाम्याला तेवढा ताण सोसत नाही. तो अक्षराच्या किंवा आकड्याच्या कडेला फाटतो आणि आतलं जस्त निळसर करड्या रेघेसारखं दिसतं. तुझ्या फोटोत 9 च्या बाजूला आहे ती हीच रेघ. खऱ्या डबल डायमध्ये दुसरी प्रतिमाही उठावाची असते, तिचा रंग तांब्याचाच असतो आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत खाच दिसते. 1995 च्या पेनीवरचं दुहेरी ‘लिबर्टी’ किंवा 1984 मधली लिंकनच्या कानाखालची दुसरी पाळी, यांचे चांगले फोटो मिळवून आधी नजर बसव. भिंग नंतर.

लिंकनच्या गालावरचा तो उंचवटाही मुलाम्याचाच दोष, पुटकुळी. मुलाम्याखाली वायू किंवा मळ अडकला की थर फुगतो. कधी अशा पुटकुळ्या एकामागे एक रेघेत येतात, तेव्हा ठशाला तडा गेल्यासारखं वाटतं. पण ठशाचा दोष त्याच जागी अनेक नाण्यांवर उमटतो, पुटकुळी वाटेल तिथे येते. एखाद्या टाकाऊ पेनीवर लाकडी टूथपिकनं हलकेच दाबून बघ, पोकळ असेल तर बसते. चांगल्या नाण्यावर हा उद्योग करू नकोस.

चंदेरी पेनीबद्दल जरा सावध राहा. मुलामा चढायचाच राहिलेली नाणी खरोखर असतात, पण शाळेच्या प्रयोगशाळेत पोरं पेनीवर जस्त चढवून ती चंदेरी करतात, आणि पुढे तापवून पितळेसारखी सोनेरीही. तसलं काही ऑनलाइन दिसलं की विक्रेत्याला आधी वजन विचार. साल 1982 च्या आधीचं आणि वजन तीन ग्रॅमच्या वर असेल, तर जस्ताची चकती मुलाम्यावाचून राहिली ही गोष्ट तिथेच संपली. एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घे, भिंगाइतकाच कामाला येतो.

आणि नाणी धुऊ नकोस रे! मुलामा एकदा फाटला की ओल जस्तापर्यंत पोहोचते. मग काळे डाग, पांढरी भुकटी, खड्डे. कडेनं धर, कोरड्या जागी ठेव.

पुटकुळ्यांच्या पेन्यांना बाजारात फारशी किंमत नाही. विकत घेऊ नकोस, सापडल्या तर ठेव. 1982 च्या सगळ्या मात्र वेगळ्या काढून तोल, कारण त्या वर्षी दोन्ही धातूंची पेनी निघाली. वजनं लिहून पाठव, डेन्व्हर टांकसाळीचं ‘डी’ अक्षर असलेल्यांची वेगळी.

तुझा,
मामा