बुद्धिबळाचं इंजिन लिहायला बसलीस, तर

हे बघ पोरी, इंजिन हुशार करायचं मागाहून बघू. आधी त्याला नियम बिनचूक आले पाहिजेत. सुरुवातीच्या पटावर पांढऱ्याच्या खेळी 20. काळ्याचं उत्तर धरून 400, मग 8,902, मग 1,97,281, पाचव्या पायरीला 48,65,609. या मोजणीला पर्फ्ट म्हणतात. एकाचा जरी फरक आला तरी पुढे जायचं नाही. पहिल्या प्रत्येक खेळीखालची बेरीज वेगळी छाप आणि स्टॉकफिश या तयार इंजिनाच्या पर्फ्टशी ताडून बघ. चूक कुठल्या फांदीवर बसलीय ते कळतं.

एवढ्यावर निर्धास्त मात्र होऊ नकोस. सुरुवातीच्या पटावरून सहाव्या पायरीपर्यंत एकदाही कॅसलिंग होत नाही, म्हणजे तो कोड तपासलाच जात नाही. म्हणून आडवळणाचे पट मुद्दाम लाव. माझा आवडता सांगते. पांढरा राजा ए5, हत्ती बी4, प्यादी बी5, ई2, जी2. काळा राजा एच4, हत्ती एच5, प्यादी सी7, डी6, एफ4. खेळी पांढऱ्याची. ई2चं प्यादं ई4वर टाक. आता काळ्याने ते एन पासांने मारलं, तर चौथ्या रांगेतली दोन्ही प्यादी एकदम उठतात आणि बी4चा हत्ती थेट राजाला शह देतो. म्हणजे ती खेळी बेकायदा. नेहमीची तपासणी एकच सोंगटी उचलून बघते, म्हणून इथे हमखास चकते. दोन पायऱ्यांना इथे 191 आलेच पाहिजेत.

एवढं पक्कं झालं की खेळी शोधायचा अल्फा-बीटा लिही. त्याचा सगळा जीव खेळींच्या क्रमात असतो: मोठी सोंगटी लहानीने मारायची खेळी आधी बघ. शोध मारामारीच्या मध्येच तोडू नकोस, नाहीतर वजिराने प्यादं मारल्यावर तो वजीरच जाणार हे त्याला दिसतच नाही. पट ओळखायच्या झोब्रिस्टच्या आकड्यात पाळी, कॅसलिंगचे हक्क आणि एन पासांचं घर विसरू नकोस. आधी शोधलेल्या पटांच्या तक्त्यात मात साठवताना ती त्या पटापासून किती खेळींवर आहे ते लिही, शोधाच्या मुळापासून नको. नाहीतर इंजिन जिंकलेल्या डावात नुसतं फिरत राहतं.

आणि हे लायब्ररी म्हणून देणार आहेस ना? मग शोधाला मधेच थांबवायची सोय पहिल्या दिवसापासून ठेव, आणि स्क्रीनवर काही छापू नकोस. ते वापरणाऱ्याचं काम. स्टॉकफिशचा कोड जीपीएल परवान्याखाली आहे. त्यातलं काही उचललंस तर वाटताना तुझं कामही त्याच परवान्याने, कोडसकट द्यावं लागेल. हे आधीच ठरव.