मेंदूचे चित्रण आणि रुग्णाचे हलणारे डोके

कंपवातात कपिकच्छू आपण सारेच वापरतो. तिच्या बीजांत एल-डोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखविले, मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी निर्णय लक्षणांवरून होत असे. आता मेंदूची रंगीत चित्रे छापलेली माहितीपत्रके आमच्या बाळकुमच्या औषधालयांतही येऊन पडतात. अशा चित्रांना वैद्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

क्रियात्मक एम.आर.आय.मध्ये साधारणतः दर दोन सेकंदांस एक याप्रमाणे संपूर्ण मेंदूची शेकडो चित्रे घेतली जातात. चित्राचा एकेक कण म्हणजे सुमारे ३ मि.मी. बाजूचा घन. मेंदूच्या कार्यामुळे संकेतात पडणारा फरक शेकडा एक-दोन इतका अल्प असतो. डोके अर्धा मि.मी. सरकले तरी कडेच्या घनांत शेजारचा द्रव मिसळतो आणि त्याहून मोठा फरक दिसतो. संगणक प्रत्येक चित्र एका ठरावीक चित्राशी जुळवून घेतो. त्यातून तीन दिशांचे सरकणे व तीन अक्षांभोवतीचे वळणे असे सहा आकडे मिळतात. मात्र हालचालीच्या क्षणी संकेतात झालेला बिघाड यामुळे जात नाही. ठशाखाली कापड हलले, तर मागाहून ते सरळ करून छाप सुधारत नाही.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील पॉवर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे ठळकपणे मांडले. लहान मुलांत मेंदूच्या जवळच्या भागांचे संबंध दृढ, दूरच्यांचे क्षीण, व वयानुसार हे पालटते, असा निष्कर्ष त्याच गटाने पूर्वी काढला होता. त्यातील काही अंश मुलांच्या चुळबुळीचा होता, हे त्यांनी स्वतःच दाखविले. आम्हांस हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

कंपवाताचा रुग्ण निरोगी माणसापेक्षा अधिक हलतो. औषधाने कंप शमला तर दुसऱ्या खेपेस तो कमी हलेल, आणि मेंदूत काहीही न बदलता चित्र बदलेल. करड्या द्रव्याच्या मोजणीतही हेच घडते. डोके हलल्यास ते प्रत्यक्षाहून कमी भरते, असे २०१५ मध्ये रॉयटर व सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणून 'करडे द्रव्य वाढले' हे वाक्य जपून वाचावे.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. हालचालीची चित्रे गाळली तर सामग्री घटते. फार हलणारे रुग्ण वगळले तर ज्यांचा व्याधी बलवान तेच गळतात, आणि उरलेल्या सौम्य रुग्णांवरून सर्वांचा निष्कर्ष निघतो. प्रत्येकाच्या हालचालीची सरासरी गणितात धरणे हा रूढ मार्ग. परंतु दोन्ही गटांत ती फार भिन्न असेल, तर हालचालीबरोबर व्याधीचा खरा परिणामही वजा होतो. आमच्या मते, दोन्ही गटांची सरासरी हालचाल व वगळलेल्या रुग्णांची संख्या न देणाऱ्या निबंधावर भिस्त ठेवू नये.

आपला रुग्ण चित्रणास पाठविताना मूत्रविसर्जन करून जाण्यास सांगावे. कास असल्यास शक्य तर तो शमेपर्यंत थांबावे. कंपवातात औषधाची मात्रा किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहावे, आणि पुनर्चित्रणही मात्रेनंतर तितक्याच अवधीने करवावे.