शर्यतीच्या सायकलस्वारांनो, दापोलीच्या तांबड्या वाटांवर या

शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हिवाळा लागला की मी एक आग्रह हमखास करतो. पातळ टायरची सायकल दोन दिवस घरी ठेवा, जाड टायरची घ्या आणि दापोली गाठा. पालकांना हे पटायला वेळ लागतो. स्पर्धा तोंडावर आलेली असताना मातीत खेळायला कशाला न्यायचं, असा त्यांचा प्रश्न असतो. पण फक्त डांबरावर वाढलेल्या सायकलस्वाराचं दुखणं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. पाय दमदार असतात, छातीवरच्या पट्ट्यातले हृदयाचे ठोके अगदी आखल्याप्रमाणे चालतात आणि घाटउताराच्या पहिल्याच खडीच्या वळणावर हात आखडतात. चढावर मिनिटभराची आघाडी कमावलेला मुलगा उतारावर ती घालवून बसतो. ही भीती आणखी व्यायाम करून जात नाही. सायकल पायाखाली थोडी घसरली तरी सावरता येते, हे शरीराला एकदा कळावं लागतं, आणि ते मातीतच कळतं.

जगातल्या मोठ्या खेळाडूंकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २०११ साली टूर द फ्रान्स जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स मुळात माउंटन बाइकवाला. १९९८ आणि १९९९ अशी सलग दोन वर्षं त्याने माउंटन बाइकचा विश्वचषक जिंकला होता. इंग्लंडच्या टॉम पिडकॉकने टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्णपदक मिळवलं आणि मधल्या काळात, २०२२च्या टूरमध्ये, आल्प दुएझचा टप्पाही मारला. त्या दिवशी गालिबिए घाटाचा उतार तो ज्या सहजतेने उतरला, ते चित्रण मी शिकणाऱ्यांना मुद्दाम दाखवतो. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइक आणि रस्ता या दोन्ही प्रकारांत नाव कमावलं आहे.

आता दापोलीच का? गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. म्हणजे किनाऱ्यावर उतरलात की परतीचा चढ चुकत नाही. आसूदवरून या, नाहीतर बुरोंडीवरून. गाव आणि समुद्र यांच्या मध्ये जांभ्याचे सडे, आमरायांच्या कडेने जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा, घट्ट वाळूचे लांबलचक किनारे आणि कमी रहदारीचे अरुंद डांबरी रस्ते आहेत. सायकल शिकवणाऱ्याला एका तालुक्यात आणखी काय हवं?

पहिला धडा सड्यावरचा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, वाटा मोकळ्या होतात आणि जांभ्याची बारीक, वाटाण्याएवढी खडी वाटेवर पसरलेली असते. ही खडी फार चांगली शिक्षिका आहे. तिच्यावर घाई चालत नाही. सॅडल दोन बोटं खाली घ्या. उतार आला की दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून उभे राहा, गुडघे आणि कोपर सैल, टाचा किंचित खाली, कंबर थोडी मागे. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, बाकीची बोटं मुठीवर. पुढच्या ब्रेकमध्ये जास्त ताकद असते, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबणारे बरेच असतात. त्यांचं मागचं चाक फरफटत जातं आणि सायकल थांबतच नाही. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरताना ब्रेक सोडा, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली दाबा, सायकल आत कलू द्या आणि स्वतः मात्र तिच्यावर ताठ राहा. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. पन्नास पावलांचा एकच उतार निवडा आणि तो पुन्हा पुन्हा उतरा. दहाव्या-बाराव्या खेपेला खांदे आपोआप खाली येतात, श्वास सुटतो आणि चेहऱ्यावर हसू येतं. स्टॉपवॉच घेऊन जगणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर ते हसू पाहण्यासाठी मी हा सारा खटाटोप करतो.

हवेबद्दल एक सांगतो, कारण नवखे इथेच चुकतात. रस्त्याच्या सायकलीसारखी टायर दगड करून ठेवू नका. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर २८ ते ३० पीएसआय आणि ट्यूबलेस असेल तर २२ ते २६ पुरते. टायर दबलं की खडीला धरून चालतं.

दुसरा धडा किनाऱ्यावरचा, आणि त्यासाठी पंचांग बघावं लागतं. कर्दे-मुरुडची वाळू ओहोटीला इतकी घट्ट होते की तिच्यावर जाड टायर जेमतेम उमटतं. भरतीला मात्र सायकल खांद्यावर घ्यायची पाळी येते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. यावरून लक्षात येईल की पौर्णिमा किंवा अमावस्या उलटून गेल्यावरचे दोन-तीन दिवस सकाळच्या फेरीला उत्तम, कारण ओहोटी सात-आठच्या सुमारास येते. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत जातं आणि किनारा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असते आणि ओहोटी भर दुपारी. तो शनिवार-रविवार सड्यासाठी ठेवा. ओल्या वाळूवर एक हात सोडून चालवणं, ठरवलेल्या रेषेवर गोल फिरणं, अगदी हळू वेगात पाय न टेकता तोल धरणं हे सगळं इथे बिनधास्त करता येतं. पडलात तर फार तर कोपराला वाळू लागते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत सायकल घालू नका. हिवाळ्यात या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; आंजर्ले, केळशी, कोळथरे हे किनारे त्यासाठी ओळखले जातात. आणि फेरी संपली की सायकल लगेच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्या. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी चेन तांबडी झालेली दिसते.

रविवारी लांब पल्ला. सकाळी साडेसहाला दापोलीतून निघा. आसूदचा उतार थंडीत बोटं बधिर करतो, हातमोजे घाला. आसूदच्या बागेत सायकली दाबकेवाडीत ठेवून केशवराजाच्या देवळात पायी जा. त्या पाखाडीच्या पायऱ्यांवर सायकल घालायचा मोह कोणाला झाला तर तो तिथल्या तिथे मोडून काढा. ती लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याची आणि देवाची वाट आहे. पुढे मुरुड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव, दुर्गादेवीचं देऊळ वाटेतच आहे. तिथून सालदुऱ्यावरून हर्णै, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मग पाजपंढरी आणि जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीचा चढ छोटा असला तरी पाय बोलायला लावतो. ज्यांच्या पायात अजून दम असेल त्यांनी पाडले, आडे, उटंबर करत केळशीपर्यंत जावं. या पट्ट्यात रस्ता कधी समुद्राच्या डोक्यावरून जातो तर कधी अगदी कानाशी, आणि माझ्या मते कोकणात सायकलवरून करण्यासारखं याहून सुंदर अंतर विरळा.

या फेरीत चढाचं शिक्षण होऊन जातं. शर्यतवाल्यांनी परतीच्या चढावर चार-पाच मिनिटांचे तीन-चार जोरकस तुकडे करावेत, मध्ये तेवढीच विश्रांती. बाकी सगळी फेरी गप्पा मारता येतील अशा वेगात. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, हा नियम कोणत्याही घड्याळापेक्षा भरवशाचा. मातीच्या चढावर मात्र उभं राहून पेडल मारू नका, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हलका गिअर, सॅडलच्या पुढच्या टोकाशी बसणं आणि छाती हँडलजवळ.

इतिहासाची आवड असलेल्यांनी एखादा वेगळा दिवस पन्हाळेकाजीला द्यावा. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत, आणि तिथवरचा चढउताराचा रस्ता पायांची परीक्षा घेतो.

सामानात दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी आणि मागच्या डिरेलरचा हँगर हवाच. डिस्क ब्रेकचे पॅडही घ्या. साध्या सायकलीची दुरुस्ती गावात होते, पण असे सुटे भाग मिळतील या भरवशावर राहू नका. मुंबई-पुण्याहून रेल्वेने यायचं तर खेडला उतरा; सायकल लगेज म्हणून नोंदवावी लागते. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, आणि उजेड असेल तर हा रस्ताच पहिली फेरी समजा.

सड्यावर सर्वांत जपायचं ते फुरशाला. हा छोटा, दगडाच्याच रंगाचा विषारी साप जांभ्याच्या खबदाडीत असतो. सायकल चालवताना त्याचा त्रास होत नाही. दमून दगडावर बसताना, पडलेली बाटली उचलताना होतो. आधी बघा, मग हात घाला. दंश झालाच तर कापाकापी न करता, करकचून न बांधता थेट दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

आणि आमराया. वाट दिसली म्हणून ती सार्वजनिक असते असं नाही. गडग्याला बेडं दिसलं तर आवाज द्या, विचारा, आत गेलात तर ते पुन्हा लावून घ्या. मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते, तेव्हा त्या बाजूला फिरकू नये. गावकऱ्यांना नीट विचारलं की नाही म्हणणारे फार थोडे भेटतात, उलट पुढची वाट ते स्वतःच दाखवतात. बाहेरून आलेल्या एका टोळक्याने धूळ उडवत बाग तुडवली, तर पुढच्या दहाजणांसाठी ती वाट बंद होते.

खाण्याची ददात नाही. निघण्यापूर्वी घावने किंवा मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, वाटेत कोकम सरबत, परतल्यावर कुळथाचं पिठलं-भात नाहीतर हर्णैची ताजी मासळी. दर तासाला काहीतरी पोटात जाऊ द्या. जानेवारीतही अकरानंतर ऊन चटके देतं आणि हवेतल्या दमटपणामुळे घाम भरपूर जातो, म्हणून माणशी दोन बाटल्या पाणी हवंच.

एकट्याने येऊ नका. दापोली सायकलिंग क्लबची मंडळी या रस्त्यांवर नेमाने सायकल चालवतात आणि हिवाळ्यात ‘दापोली विंटर सायक्लोथॉन’ भरवतात. नवख्यांसाठी ओळख करून घ्यायला ती चांगली संधी आहे.

शर्यतीच्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना आणि त्यांच्या पालकांना माझी विनंती आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आठवड्यातला एक दिवस मुलांना मातीत द्या, आणि त्यातला एखादा शनिवार-रविवार दापोलीसाठी राखून ठेवा. त्या दिवशी घड्याळ मात्र खोलीवरच ठेवून या.