इंग्रजी साहित्याचा अभ्यास आणि शब्दांची वही



आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत दरवर्षी जून-जुलै महिन्यात एक दृश्य हमखास दिसते. बी. ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी दोन पुस्तके घेऊन येते. त्यातले पाठ्यपुस्तक कोरे करकरीत असते आणि गाईड मात्र हाताळून मळलेले असते. मग प्रश्न येतो, "सर, शब्दच येत नाहीत. किती शब्द पाठ करू?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर तोंडी देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते एकदा लिहून ठेवावे, असे अभ्यासवर्ग चालविणाऱ्या आम्हा सर्वांना वाटले.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिच्या वहीत चारशे इंग्रजी शब्द ओळीने लिहिलेले होते व प्रत्येकापुढे एकेक मराठी शब्द होता. ते सारे तिला पाठ होते. तरीही थॉमस हार्डीच्या 'ज्यूड दि ऑब्स्क्युअर' या कादंबरीचे दुसरे पान काही ओलांडता येत नव्हते. वहीत 'ऑब्स्क्युअर' म्हणजे 'अस्पष्ट' असे लिहिलेले होते. "सर, माणूस अस्पष्ट कसा असेल?" असे तिने विचारले. विषय बदलण्याचा अर्ज भरून तिने पिशवीतच ठेवला होता, हे तिने आम्हांस नंतर सांगितले.

योगायोग असा की, तिच्या अडचणीची गोष्ट त्याच कादंबरीत आहे. हार्डी हा गवंडीकाम व बांधकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. तो १८४० साली जन्मला आणि विद्यापीठाची पायरी न चढता मोठा लेखक झाला. १८९५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीतला ज्यूड हा खेड्यातला अनाथ मुलगा आहे. त्याला ख्राइस्टमिन्स्टर नावाच्या विद्यानगरीत जाऊन शिकायचे आहे. ही विद्यानगरी म्हणजे हार्डीने उभे केलेले ऑक्सफर्डच होय. तिथे जायचे तर लॅटिन आणि ग्रीक यायला हवे. ज्यूडची समजूत अशी, की व्याकरणाच्या पुस्तकात एखादी गुरुकिल्ली असणार. तो एक नियम कळला की आपल्या भाषेतला कोणताही शब्द परक्या भाषेत सहज फिरवता येईल. फार प्रयासाने जुनी व्याकरणे हाती येतात. तो उघडून पाहतो तो किल्ली वगैरे काही नाही. एकेक शब्द वर्षानुवर्षे कष्टाने शिकायचा आहे. मुलाचे अवसान गळते. परंतु पुढे तोच मुलगा आत्याआजीच्या पावाची गाडी हाकताना मांडीवर पुस्तक आणि कोश ठेवून वाचू लागतो.

चारशे शब्दांची यादी म्हणजे ज्यूडची गुरुकिल्लीच. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द बसवला की काम झाले, ही आपली समजूत. आम्हीही विद्यार्थी असताना अशाच याद्या केल्या आणि परीक्षेनंतर महिन्याभरात विसरलो.

आता 'किती' या प्रश्नाकडे येऊ. शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशेब असा, की इंग्रजी कादंबरी मदतीशिवाय वाचायची तर सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुले ओळखीची हवीत. तेवढी असली की पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी राहतो आणि तो संदर्भाने कळतो. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दाचा सारा परिवार. हा आकडा ऐकून घाबरू नये. हे शब्द सुटे नाहीत, नात्यागोत्याचे आहेत; आणि त्यातले काही नातेवाईक आपल्या घरात आधीपासून आहेत.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले. पाली आणि इंग्रजीही त्याच कुळातल्या. आपण 'विपस्सना' म्हणतो. त्यात 'पस्सति', म्हणजे पाहतो, हे क्रियापद आहे. लॅटिनमधला 'स्पेक' हा त्याचाच भाऊबंद. त्यापासून स्पेक्टेटर, इन्स्पेक्ट, अॅस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, कॉन्स्पिक्युअस असे कितीतरी शब्द झाले. सगळ्यांच्या पोटात 'पाहणे' आहे. आपले 'दान' हे डोनर आणि डोनेशनमध्ये आहेच, पण 'पार्डन' आणि 'कन्डोन' या क्षमेच्या शब्दांतही आहे. क्षमा हेही एक देणेच. 'मरण' हे मॉर्टल, इमॉर्टल, मॉर्च्युअरी यांत भेटते.

यातले सर्वांत विचार करायला लावणारे नाते 'जाति' या शब्दाचे आहे. पालीत 'जाति' म्हणजे जन्म. त्याच धातूच्या लॅटिन व ग्रीक रूपांपासून जनरेट, प्रोजेनी, जीनिऑलॉजी हे शब्द आले आणि 'जेंटल' व 'जेंटलमन' हेही आले. आपण 'जेंटलमन' म्हणजे सभ्य गृहस्थ असे शिकलो. परंतु त्याचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, असा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत अमुक माणूस जेंटलमन आहे का, असे कोणी विचारले, तर तो बहुधा त्याच्या वागण्याची नव्हे, कुळाची चौकशी करीत असतो. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला जेंटलमन व्हायचे असते. त्या एका शब्दातले हे दोन अर्थ एकमेकांशी भांडतात आणि कादंबरी त्या भांडणावर उभी आहे. ज्याने 'जेंटलमन - सभ्य' एवढेच पाठ केले, त्याला ते भांडण ऐकूच येत नाही.

मात्र नुसत्या आवाजावरून नाते जोडू नये. आपल्या 'बदनाम', 'बदमाश' मधला 'बद' फारसीतून आला. इंग्रजी 'बॅड'शी त्याचे उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळतात, तरी दोघांचा काही संबंध नाही. कोशात पाहिल्याशिवाय सोयरीक जुळवायची नाही, हा नियम आम्ही वर्गात पाळतो.

इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-तीन शब्द का, असे विद्यार्थी विचारतात. याचे कारण इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार व न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली. जज, ज्युरी, व्हर्डिक्ट, प्लेंटिफ हे सारे तिकडचे शब्द. मराठी माणसाला हे समजायला कठीण नाही. आपल्याही कोर्टकचेरीत वकील, अर्ज, फिर्याद, जामीन, दस्तऐवज हे शब्द फारसीच्या वाटेने आले व घरचेच झाले. जनावर हाकणाऱ्या गरिबाच्या तोंडी 'ऑक्स' आणि 'पिग' हे देशी शब्द, तर ते ताटात आले की 'बीफ' आणि 'पोर्क' हे फ्रेंच शब्द. ही गंमत सर वॉल्टर स्कॉटने 'आयव्हन्हो'च्या पहिल्याच प्रकरणात एका विदूषकाच्या तोंडून सांगितली आहे. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट शब्द घेतले. म्हणून विचारण्यासाठी 'आस्क' हा घरगुती, 'क्वेश्चन' हा जरा वरचा आणि 'इंटरॉगेट' हा पोलीस चौकीतला. आपल्याकडे 'घर' आणि 'निवासस्थान' यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर. एखादे पात्र साध्या शब्दांत बोलता बोलता अचानक लॅटिन वळणाचे शब्द वापरू लागले, तर तिथे थांबावे. ते काहीतरी लपवीत असेल किंवा मोठेपणा मिरवीत असेल.

इतके झाले तरी खरी फसगत अवघड शब्दांत होत नाही. अवघड शब्द आपण कोशात पाहतोच. सोपा आणि ओळखीचा वाटणारा शब्द मात्र आपण पाहत नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये, म्हणजे १८१३ साली, विकम तक्रार करतो की डार्सीने त्याचे 'लिव्हिंग' हिरावले. आमच्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, की डार्सीने विकमचे जगणे हिरावून घेतले. वास्तविक इथे 'लिव्हिंग' म्हणजे चर्चमधील उत्पन्नाची धर्मगुरूची जागा. शेक्सपिअरची ज्युलिएट 'व्हेअरफोर' म्हणते, तेव्हा ती रोमिओ कुठे आहे असे विचारीत नाही; तो रोमिओच का, शत्रूच्या घरचाच का, असे विचारते. 'प्रेझेंटली' म्हणजे तेव्हा 'ताबडतोब'. 'मीन' म्हणजे पुष्कळदा 'हलक्या स्थितीतला'. 'सिली' तर एके काळी 'धन्य' या अर्थाचा शब्द होता.

शब्दांचे अर्थ असे फिरतात याचे नवल वाटायला नको. आपण पंचशील ग्रहण करताना 'सिक्खापद' म्हणतो. तिथे 'सिक्खा' म्हणजे शिकवण. त्याच शब्दाचे संस्कृत रूप 'शिक्षा'. पण मराठीत शिक्षा म्हणजे दंड! हिंदीत मात्र ती अजून शिक्षणच आहे.

या संदर्भात मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' या कादंबरीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९३५ साली निघालेल्या या कादंबरीला ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना आहे आणि तीत बखा या सफाई करणाऱ्या तरुणाचा अवघा एक दिवस आहे. बाजारात त्याचा एका सवर्णाला धक्का लागतो, तेव्हापासून 'पोल्यूट' आणि 'डिफाइल' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आजचा विद्यार्थी 'पोल्यूशन' म्हणजे प्रदूषण, धूर, सांडपाणी एवढेच जाणतो. पण 'पोल्यूट'चा जुना अर्थ विटाळणे, बाटवणे असाच आहे. कारखान्याच्या धुराचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. वर्गात हे सांगितले तेव्हा काही क्षण कोणी बोलले नाही. नंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या आजीला हा शब्द मराठीत चांगला माहीत आहे." नवख्या वाचकाने शेक्सपिअरपासून नव्हे, या कादंबरीपासून आरंभ करावा, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. तिथे प्रसंग ओळखीचे आहेत, शब्द तेवढे नवे.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठीत आपण क्रियापद एकच ठेवतो आणि त्याला शेजारी देतो. खुदकन हसणे, खदाखदा हसणे, कुत्सितपणे हसणे. इंग्रजी बहुधा क्रियापदच बदलते. चकल, गफॉ, स्नीअर. 'वॉक'चेही तसेच आहे. 'ट्रज' म्हणजे थकून पाय ओढत चालणे आणि 'सॉन्टर' म्हणजे रमतगमत चालणे. 'ज्यूड'मधला एखादा मजूर सॉन्टर करू लागला, तर ते लक्षात यावे.

आता वहीविषयी. दोनशे पानी वही घ्यावी आणि यादी करू नये. वाचताना अडलेल्यांपैकी दिवसाला पाचच शब्द निवडावेत. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे. तो कोण, कोणाविषयी, कोणत्या मनःस्थितीत वापरतो हे एका ओळीत नोंदवावे. खाली त्याचा परिवार. मराठी अर्थ शेवटी, आणि तो एकाच शब्दात बसत नसेल तर दोन वाक्ये लिहावीत. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने ते पान पुन्हा पाहावे. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिले आहे. वर्षातले दोनशे दिवस जरी हे जमले, तरी पदवीच्या तीन वर्षांत तीन हजार शब्द होतात. उरलेले त्यांच्या नात्यागोत्यातून आणि वाचनातून येतात.

मोबाईलवरचा कोश सोयीचा खरा, पण त्यातला पहिलाच अर्थ घेऊन पुढे जाण्याची सवय घातक आहे. विद्यार्थ्यांसाठी हॉर्नबी यांनी सुरू केलेला ऑक्सफर्डचा कोश चांगला आहे, परंतु तो आजच्या इंग्रजीचा. जुन्या अर्थांसाठी मोठा ऑक्सफर्ड कोश पाहावा, कारण त्यात अर्थ कालक्रमाने दिलेले असतात. आणि एक उपाय, जो फारसे कोणी सांगत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे डिकन्सच्या काळातली. आजीच्या तोंडचा शब्द शोधावा आणि त्यापुढे डिकन्सच्या काळची इंग्रजी वाचावी. कादंबरीत पुढे तीच इंग्रजी भेटते.

गाईडबद्दल आम्हांस एवढेच म्हणायचे आहे की, पुस्तक वाचून झाल्यावर ते जरूर पाहावे. आधी पाहिले, तर ते आपल्या वतीने वाचून टाकते.

त्या विद्यार्थिनीने 'ऑब्स्क्युअर'चे पान तीन वेळा लिहिले. पहिल्यांदा 'अंधारातला, न दिसणारा'. मग 'ज्याला कोणी ओळखत नाही असा'. पुढे ती त्या प्रसंगापाशी आली, जिथे ज्यूड कॉलेजच्या प्रमुखाला पत्र लिहितो आणि उत्तर येते, की कामगार माणसाने आपल्याच कामधंद्यात राहणे हिताचे. त्या दिवशी तिने खाली तिसरी नोंद केली, 'ज्याला अंधारात ठेवले आहे असा'. हा अर्थ कोणत्याही कोशात नाही, हे आम्ही तिला सांगितले. तिने तो खोडला नाही. विषय बदलण्याचा अर्ज मात्र भरलेला असूनही तिने दिला नाही. तो घडी करून त्याच पानात ठेवलेला आम्ही पाहिला.