शेक संपला, आता पुढचा खर्च किती?

मुलाच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांचा शेक (रेडिओथेरपी) पुरा झाला, एमआरआय स्वच्छ आला, की नातेवाईक म्हणतात, ‘सुटलात बुवा!’ हिशेबाच्या वहीत मात्र इथून नवं पान सुरू होतं. रेडिओथेरपीचा खर्च मोठा असला तरी तो एकदाच येतो. त्याला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट असे चार हात लागतात. नंतरचा खर्च किरकोळ वाटतो, पण तो दहा-दहा वर्षं चालतो. फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण असलं, तरी ओपीडीतल्या तपासण्या आणि महिन्याची औषधं बहुतेक वेळा खिशातूनच जातात.

हा खर्च येतो कुठून? शरीरातले हार्मोन सांभाळणारी पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, मधोमध बसलेली असते आणि बऱ्याच गाठींच्या शेकात तिच्या वाट्याला थोडाफार डोस येतोच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2001 ते 2012 या काळात 200 मुलं आणि तरुणांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या होत्या. डोस सगळ्यांना सारखाच, 30 बैठकांत 54 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक). एका गटाला जुन्या पद्धतीनं, दुसऱ्याला गाठीपुरता अचूक बेतलेला शेक दिला. पाच वर्षांत हार्मोनची नवी तक्रार पहिल्या गटात 51 टक्के, तर दुसऱ्यात 31 टक्के जणांत निघाली. अचूक शेकानं बुद्ध्यांकही अधिक चांगला टिकला. तंत्राचा फायदा झाला यात वादच नाही, पण उत्तम शेक मिळूनही दहातल्या तिघांना हार्मोनचा त्रास झालाच. आणखी अचूक आणि महागड्या प्रोटॉन-शेकासाठी घर गहाण टाकायच्या विचारात असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. चेन्नईच्या खासगी केंद्रात प्रोटॉनचं बिल वीस लाखांच्या पुढे जाऊ शकतं. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्येही ही सोय आहे, तिथे आधी विचारा. आपल्या मुलाच्या गाठीच्या जागेला प्रोटॉननं नेमका काय फरक पडेल, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट वदवून घ्या.

पुढचे खासगी दर मुंबई-पुण्यातले आणि ढोबळ आहेत.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे थायरॉइड आणि कॉर्टिसॉल. थायरॉइडची गोळी महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत येते. तपासणी करताना फक्त टीएसएचवर विसंबू नका, फ्री टी-4 सुद्धा मागा. बिघाड पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि मूल दिवसभर पेंगत राहतं. ‘फुल बॉडी चेकअप’च्या स्वस्त पॅकेजमध्ये नेमका फ्री टी-4 नसतो, म्हणून ते पैसे वाया. थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघायला हवं. तेच कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर मूल अचानक कोसळू शकतं. कॉर्टिसॉलची कमतरता निघाली तर हायड्रोकॉर्टिझोनचं एक इंजेक्शन घरात ठेवावं. ते शंभराच्या आसपास मिळतं. ताप-उलट्यांत हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळीचा डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाची एक प्रत शाळेतही द्या.

वहीतला सर्वांत मोठा आकडा ग्रोथ हार्मोनचा. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मूल वाढतं तसं बिलही वाढतं. समजा वजन 20 किलो आणि डॉक्टरांनी किलोमागे रोज 0.03 मिलिग्रॅम सांगितलं. रोजचे 0.6, महिन्याचे 18 मिलिग्रॅम झाले. 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट, म्हणजे महिन्याला 54 युनिट. केमिस्टला बाटलीचा किंवा पेनचा भाव विचारू नका, युनिटचा विचारा. एकीवर 4 युनिट लिहिलेलं असतं, दुसरीवर 15, आणि स्वस्त वाटणारी बाटली बऱ्याचदा महाग पडते. महिना साधारण दहा ते वीस हजार धरून चाला. फ्रिज लागतोच. भारनियमनाच्या गावात बर्फाची पेटीही. गाठ पूर्ण शांत आहे असं वर्षभर दिसल्यावरच डॉक्टर हे इंजेक्शन सुरू करतात. हाडांची टोकं जुळल्यावर उंचीसाठी त्याचा उपयोग उरत नाही. मेड्युलोब्लास्टोमासारख्या आजारात पाठीच्या कण्यालाही शेक दिलेला असेल, तर धडाची वाढ पूर्ण भरून येत नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी विचारा: किती वर्षं, किती सेंटिमीटरची आशा, मध्येच पैसे संपले तर काय? हे विचारण्यात संकोच कसला? पैसे खरंच नसतील तर आधी थायरॉइड-कॉर्टिसॉल, मग कान, मग शाळा आणि त्यानंतर उंची, असा क्रम मी लावेन.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेक दोन्ही झालेल्या मुलाच्या कानांची तपासणी दरवर्षी हवी. ऑडिओग्रामला पाचशे ते दीड हजार लागतात. श्रवणयंत्र विकत घेण्याआधी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दाखवा. केंद्राच्या योजनेतून ते सवलतीत किंवा फुकट मिळू शकतं.

शेकानंतर शाळेत काय होतं ते बघा. पाचवीतलं मूल फळ्यावरच्या सात ओळींपैकी चौथी उतरवत असतं, तेवढ्यात बाई फळा पुसतात. मुलाला सगळं समजतं, फक्त वेग कमी पडतो. घरचे ट्यूशनला दोन हजार भरतात, मूल आणखी थकतं. तेच पैसे मानसशास्त्रीय चाचणीवर घाला. खासगीत तीन ते दहा हजार, मोठ्या सरकारी रुग्णालयात नाममात्र. शेकाआधी एक आणि नंतर दोन-तीन वर्षांनी एक करा, कारण तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. अहवाल मुख्याध्यापकांना द्या. जादा वेळ, पुढचा बाक, फळ्याचा फोटो यांना पैसा लागत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओ आणि वाचा-उपचार फुकट होतात. खासगीत एका बैठकीला पाचशे ते पंधराशे जातात.

अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढाच. दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी ते उपयोगी पडतं, शिवाय जुन्या करपद्धतीत पालकाला 75 हजारांची वजावट मिळते (80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख). बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही बसते. आपल्याकडे पुष्कळ पालक ‘मुलाला शिक्का नको’ म्हणून अपंगत्वाचा कागदच टाळतात. मला हा संकोच महागात पडणारा वाटतो.

फेरतपासणीचा एमआरआय, मेंदू आणि कणा मिळून, खासगीत दहा ते वीस हजार. लहान मुलाला भूल लागली तर वर आणखी. प्रवासात रेल्वेची सवलत विसरू नका: उपचार किंवा फेरतपासणीसाठी कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातच सही-शिक्क्यानिशी मिळतो. उपचारासाठी मुंबईत राहायचं असेल तर सेंट ज्यूडच्या केंद्रांत मोफत खोली मिळते का, हे समाजसेवकामार्फत विचारा. जागा थेट मिळत नाही, रुग्णालयाकडून नाव जावं लागतं.

उपचार संपताना एका पानाचा सारांश मागून घ्या: आजाराचं नाव, शेकाचा एकूण डोस, कुठल्या भागाला किती, केमोची औषधं, तारखा. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक 1991 पासून चालतं. इतरत्र उपचार झाले असतील तर हे पान तुम्हालाच सांभाळायचं आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो, आणि ते नसेल तर त्याच तपासण्या पुन्हा तुमच्या खर्चानं होतात.